शिदोरी संपण्याआधी

सवाई जयसिंग यांनी १७२७ मध्ये जयपूर वसवले तेव्हा शहराच्या आखणीत रस्त्यांना मानाचे स्थान मिळाले. विद्याधर भट्टाचार्य यांच्या नियोजनातून काटकोनात छेदणारे प्रशस्त मार्ग साकारले आणि तटाच्या दरवाजांतून बाहेर पडणाऱ्या वाटा दिल्ली, आग्रा, अजमेर आणि टोंक या दिशांना गेल्या. त्या वाटांवरून एके काळी उंटांचे तांडे आणि बैलगाड्या चालत. आज तेथे अवजड मालमोटारींची अखंड रांग असते. मात्र हिवाळ्यातील सुटीच्या दिवशी पहाटे त्याच रस्त्यांच्या कडेने आणखी एक प्रवासी दिसू लागला आहे. अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट, डोक्यावर शिरस्त्राण, हँडलला छोटा दिवा आणि मागे लाल लुकलुकणारा प्रकाश, अशा थाटात तो सायकल चालवत असतो. त्याला कामावर जायचे नसते की बाजारात. दोनशे किलोमीटर जाऊन पुन्हा घरी परतणे, एवढेच त्याचे उद्दिष्ट असते.

दीर्घ पल्ल्याच्या या सायकलप्रवासाला फ्रेंच भाषेतून आलेले 'ब्रेव्हे' हे नाव आहे. भारतात गेल्या दीड दशकात हा प्रकार चांगलाच रुजला असून पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर यांच्याप्रमाणे जयपुरातही असे उपक्रम होतात. ही शर्यत नव्हे. पहिला-दुसरा क्रमांक येथे नसतो. ठरलेले अंतर ठरलेल्या वेळेत पूर्ण करायचे, एवढीच अट असते. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, ३०० साठी २० तास, ४०० साठी २७ तास आणि ६०० साठी ४० तास अशी ही मर्यादा आहे. वाटेत कोणाची मदत मिळेल अशी अपेक्षा ठेवायची नाही. पंक्चर स्वतः काढायचे आणि खाण्यापिण्याची सोयही स्वतःच करायची. ज्या ठिकाणी संयोजकांचा माणूस नसतो, तेथे सायकलस्वार खरोखर पोहोचला होता याचा पुरावा म्हणून अनेकदा जवळच्या एटीएममधून निघालेली चिठ्ठी ग्राह्य धरली जाते, कारण तीवर ठिकाण, दिनांक आणि वेळ छापलेली असते.

बँकेशी संबंधित वाचकांना या चिठ्ठीचे कौतुक वाटेलच. पण त्या चिठ्ठीवर आणखी एक आकडा असतो आणि तो म्हणजे खात्यातील शिल्लक. सायकलस्वाराच्या शरीरातही एक खाते असते. त्यातून दर मिनिटाला रक्कम खर्च होत असते, परंतु शिल्लक किती उरली हे सांगणारी चिठ्ठी मात्र कोणतेही यंत्र देत नाही. ती शिल्लक संपली की काय होते, हा या लेखाचा विषय आहे.

कावळे न ओरडता येणारी भूक

जयपूरहून टोंक सुमारे १०० किलोमीटर आहे. जाऊन-येऊन २०० किलोमीटरचा हा मार्ग दीर्घ पल्ल्याची सवय करू पाहणाऱ्यास सोयीचा वाटतो. समजा, एखादा सायकलस्वार पहाटे सहाला केवळ चहा घेऊन निघाला. सकाळचा गारवा, मोकळा रस्ता आणि ताजे पाय यांच्या जोरावर त्याने सांगानेर व चाकसू झपाट्याने मागे टाकले. भूक नव्हती, म्हणून तो कोठे थांबला नाही. टोंकला पोहोचल्यावर त्याने घाईने चार घास खाल्ले आणि लगेच परतीचा रस्ता धरला. निवाई मागे पडेपर्यंत सारे ठीक होते. त्यानंतर, चाकसू काही किलोमीटरवर असताना, अचानक सायकल जड झाली. चढ नव्हता, चाकात हवाही पुरेशी होती. तरीही ताशी २४ किलोमीटरचा वेग १२ वर आला. हात थरथरू लागले, थंडीतही कपाळावर घाम आला आणि पुढच्या गावाचे अंतर दर्शवणारा दगड दिसूनही त्यावरील आकड्याचा अर्थ लागेना.

इंग्रजी बोलणारे सायकलस्वार या अवस्थेला 'बाँक' म्हणतात. मॅरेथॉन धावणारे तिला 'भिंत' म्हणतात. जर्मन भाषेत तिच्यासाठी 'हुंगरआस्ट' म्हणजे शब्दशः 'भुकेची फांदी' असा गमतीदार शब्द आहे. मराठीत तिला स्वतंत्र नाव नाही, पण अंगातले त्राण जाणे, गळून जाणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे असे वाक्प्रचार तिच्या अगदी जवळचे आहेत. भूक लागली की पोटात कावळे ओरडतात, असे आपण म्हणतो. या अवस्थेचा कावा असा की, कावळे बहुधा गप्पच असतात. पोट तक्रार करत नाही, तक्रार करतात ते पाय, आणि त्यांच्या पाठोपाठ मेंदू. म्हणूनच अनेकांना आपल्याला नेमके काय झाले हे वेळेवर उमगत नाही. ऊन लागले, सराव कमी पडला, मनच कच्चे आहे अशी कारणे शोधली जातात आणि खिशातील केळे खिशातच राहते.

शरीराचे दोन खाते

फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांनी १८५७ मध्ये यकृतातून एक पिष्टमय पदार्थ वेगळा केला. त्यालाच आज ग्लायकोजेन म्हटले जाते. आपण खाल्लेल्या पोळी, भात, गूळ, फळे यांतील कर्बोदकांचे रूपांतर ग्लुकोजमध्ये होते आणि लगेच न लागणारे ग्लुकोज शरीर ग्लायकोजेनच्या रूपाने साठवून ठेवते. प्रौढ माणसाच्या यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि सर्व स्नायूंत मिळून ३०० ते ५०० ग्रॅम एवढा हा साठा असतो. एक ग्रॅम कर्बोदकापासून ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, म्हणजेच हा सगळा साठा सुमारे १,६०० ते २,४०० किलोकॅलरींचा झाला.

दुसरा साठा चरबीचा. सत्तर किलो वजनाच्या सडपातळ माणसाच्या अंगीही दहा किलोच्या आसपास चरबी असते आणि एक ग्रॅम चरबी ९ किलोकॅलरी देते. हिशेब केला तर ही रक्कम ८० ते ९० हजार किलोकॅलरींच्या घरात जाते. एवढ्या ऊर्जेवर माणूस कागदोपत्री जयपूरहून मुंबई गाठून परत येईल. मग दीडशे किलोमीटरवर तो गळून का जातो?

बँकेत काम करणाऱ्याला याचे उत्तर परिचित वाटेल. मालमत्ता असणे वेगळे आणि हाती रोकड असणे वेगळे. लाखो रुपयांच्या मुदत ठेवी नावावर असलेला गृहस्थही खिशात सुटे पैसे नसल्याने रिक्षावाल्यासमोर अडचणीत येऊ शकतो. चरबी ही मुदत ठेव आहे. तिचे ऊर्जेत रूपांतर होते, पण संथ गतीने, आणि त्यासाठी प्राणवायूही अधिक लागतो. ग्लायकोजेन हे चालू खाते आहे. मागणी येताच ते वटते, परंतु त्याची मर्यादा लहान आहे. सायकलस्वार रमतगमत जात असेल तर जवळपास निम्मा खर्च चरबीतून भागतो. त्याने वेग वाढवला, समोरून वारा आला किंवा चढ लागला की चालू खात्यावरील भार झपाट्याने वाढतो.

आकड्यांतच पाहायचे तर, तासाला ५०० किलोकॅलरी खर्च करणारा आणि त्यांतील निम्म्या कर्बोदकांतून भागवणारा सायकलस्वार आपल्या साठ्यावर सहा-सात तास काढील. तोच तासाला ७०० किलोकॅलरी खर्च करू लागला आणि त्यांतील तीन-चतुर्थांश कर्बोदकांतून येऊ लागल्या, तर साठा साडेतीन तासांत तळाला जातो. वेग थोडाच वाढलेला असतो, खात्यातील उचल मात्र दुपटीवर गेलेली असते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात वाढते, हे त्यामागील कारण आहे. अशा वेळी पहिल्या पन्नास किलोमीटरमध्ये वाचवलेली दहा मिनिटे शेवटच्या पन्नासमध्ये दोन तासांनी महाग पडतात.

या खात्याचे आणखी दोन नियम लक्षात ठेवण्याजोगे आहेत. पहिला असा की, स्नायूंत साठलेले ग्लायकोजेन त्याच स्नायूच्या कामी येते. ते पुन्हा रक्तात सोडण्यासाठी लागणारे विकर स्नायूंत नसते. त्यामुळे दंडांत कितीही साठा शिल्लक असला तरी तो मांड्यांच्या मदतीला धावू शकत नाही. एका कामासाठी राखून ठेवलेला निधी दुसरीकडे वळवता येत नाही, तसाच हा प्रकार. रक्तातील साखर टिकवून ठेवण्याची जबाबदारी एकट्या यकृतावर असते आणि मेंदू प्रामुख्याने याच साखरेवर जगतो. प्रौढ माणसाचा मेंदू दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज वापरतो. दुसरा नियम असा की, रात्रभर झोपेतही मेंदूचा हा खर्च सुरूच राहतो, म्हणून पहाटे यकृताचा साठा बराच घटलेला असतो. केवळ चहा पिऊन निघालेला सायकलस्वार दिवसाची सुरुवातच कमी शिलकीने करतो.

एका सायकलवर दोन शास्त्रज्ञ

हे ज्ञान विज्ञानाला एकाएकी मिळाले नाही. अमेरिकेत १९२४ च्या बॉस्टन मॅरेथॉननंतर डॉक्टरांनी काही धावपटूंच्या रक्तातील साखर मोजली. जे सर्वांत अधिक थकलेले, गोंधळलेले आणि पांढरेफटक पडलेले दिसत होते, त्यांच्या रक्तातील साखर बरीच उतरली होती. पुढील वर्षी, १९२५ मध्ये, धावपटूंना आदल्या दिवशी कर्बोदकयुक्त आहार आणि धावताना गोड वड्या देण्यात आल्या. त्या वेळी साखर टिकून राहिली आणि धावपटूंची अवस्थाही चांगली राहिली. थकवा हा केवळ मनाचा कमकुवतपणा नसून त्यामागे मोजता येणारे कारण असते, हे त्यातून स्पष्ट झाले.

त्यानंतर चार दशकांनी, १९६६ मध्ये, स्वीडनचे योनास बेर्गस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन यांनी स्वतःवरच प्रयोग केला. एकाच स्थिर सायकलच्या दोन बाजूंना दोघे बसले आणि प्रत्येकाने केवळ एका पायाने पॅडल मारले. पाय पूर्ण थकेपर्यंत हे चालले. मग दोन्ही पायांच्या स्नायूंतील सूक्ष्म तुकडे काढून तपासले. श्रम केलेल्या पायातील ग्लायकोजेन जवळजवळ संपले होते, तर विश्रांती घेतलेल्या पायातील जसेच्या तसे होते. त्यानंतर तीन दिवस कर्बोदकयुक्त आहार घेतल्यावर श्रम केलेल्या पायाने दुसऱ्या पायाच्या सुमारे दुप्पट साठा जमवला. ज्या खात्यातून सचोटीने उलाढाल होते त्याचीच पत वाढते, हा व्यवहारातील अनुभव येथे स्नायूंनीही दाखवून दिला.

पुढे १९८६ मध्ये एडवर्ड कॉइल आणि सहकाऱ्यांनी सरावलेल्या सायकलपटूंवर केलेला प्रयोग तर थेट उपयोगाचा ठरला. नुसते चवदार पाणी घेणारे सायकलपटू सुमारे तीन तासांत थकले. तेच सायकलपटू नियमित अंतराने कर्बोदके घेत राहिले तेव्हा त्याच तीव्रतेने सुमारे चार तास सायकल चालवू शकले. केवळ घोटाघोटाने मिळालेल्या साखरेने एक तास जोडला.

दिग्गजांचीही तीच कथा

हा प्रसंग केवळ नवशिक्यांवरच येतो असे समजण्याचे कारण नाही. १९९८ च्या 'टूर द फ्रान्स' शर्यतीत जर्मनीचा यान उल्रिख अग्रस्थानाची पिवळी जर्सी परिधान करून आल्प्स पर्वतातील टप्प्यात उतरला. थंडी, पाऊस आणि अपुरे खाणे यांनी त्याला गाठले. त्या एका दिवसात तो इटलीच्या मार्को पांतानीपेक्षा जवळपास नऊ मिनिटे मागे पडला आणि शर्यतीचे विजेतेपद त्याच्या हातून निसटले.

२०१३ मध्ये ब्रिटनच्या क्रिस फ्रूमवर आल्प द्युएझच्या चढावर अशीच वेळ आली. पिवळी जर्सी त्याच्या अंगावर होती. टप्प्याच्या अखेरच्या किलोमीटरमध्ये बाहेरून खाद्य घेण्यास मनाई असताना त्याचा सहकारी रिची पोर्ट याने मागील गाडीतून ऊर्जावर्धक द्रव आणून त्याला दिला. परीक्षकांनी त्यासाठी वीस सेकंदांचा दंड केला. फ्रूमने तो स्वीकारला आणि शर्यत जिंकली. न खाता पुढे गेला असता तर वीस सेकंदांऐवजी कित्येक मिनिटे गमवावी लागली असती. दंड भरूनही वेळेवर केलेली भरपाई स्वस्तात पडते, असा हा धडा आहे.

महाराष्ट्रातील सायकलपटूंनी हे शास्त्र मोठ्या निष्ठेने आत्मसात केले आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ओशनसाईडपासून पूर्वेच्या अ‍ॅनापोलिसपर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' ही जगातील अत्यंत खडतर शर्यतींपैकी एक मानली जाते. २०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी दोघांच्या संघात ती नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. २०१७ मध्ये नाशिकचे लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनी एकट्याने ही शर्यत पूर्ण करणारे पहिले भारतीय होण्याचा मान मिळवला आणि त्यांच्या पाठोपाठ नागपूरचे डॉ. अमित समर्थ हेही बारा दिवसांच्या मुदतीत पोहोचले. हे चौघेही वैद्यकीय क्षेत्रातील आहेत. अशा शर्यतीत सायकलस्वाराचा एकेका दिवसाचा खर्च आठ-दहा हजार किलोकॅलरींपर्यंत जातो. मागून येणाऱ्या गाडीतील साथीदारांचे मुख्य काम, त्याला भूक असो वा नसो, ठरल्या वेळी काहीतरी खाऊ-पिऊ घालणे हेच असते.

साथीदारांची गाडी नसण्याच्या काळातही मुंबईकरांनी जगप्रवास केला होता. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलवर निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा या तिघांनी इराण-इराकच्या वाळवंटी प्रदेशांसह सुमारे ७१,००० किलोमीटरचा प्रवास करून मार्च १९२८ मध्ये मुंबई गाठली. पुढचे अन्न-पाणी कोठे मिळेल याची खात्री नसलेल्या वाटांवर ते चार वर्षे आणि पाच महिने पॅडल मारत राहिले.

गूळ-पाण्याचे शहाणपण

मराठी घरांत उन्हातून आलेल्या पाहुण्याला आधी गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या देण्याची रीत होती. ख्यालीखुशालीच्या गोष्टी नंतर होत. या साध्या आतिथ्यामागे किती विचार आहे, हे आधुनिक शास्त्राने नंतर दाखवले. आतड्यांतून ग्लुकोज आणि सोडियम एकमेकांच्या साहाय्याने शोषले जातात आणि त्यांच्याबरोबर पाणीही शरीरात जाते. याच तत्त्वावर १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांना मीठ-साखरेचे पाणी पाजले आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आणले. औषधांच्या दुकानात मिळणारी ओआरएसची पुडी ही त्या परंपरेतील. दीर्घ पल्ल्याच्या सायकलस्वारासाठीही तीच उपयुक्त ठरते.

जयपूरची हवा कोरडी आहे. हिवाळ्यात घाम त्वचेवर दिसण्याआधीच उडून जातो आणि थंडीमुळे तहानही कमी लागते, म्हणून पाण्याचा हिशेब तहानेवर सोपवून चालत नाही. मे-जूनमध्ये 'लू' वाहत असताना तर दिवसा मोठा पल्ला गाठण्याचा विचारच सोडलेला बरा. राजस्थानातील रस्त्यांवर पाणपोया, तिकडच्या भाषेत 'प्याऊ', पुण्यकर्म म्हणून चालवल्या जातात. तेथे दोन मिनिटे थांबून बाटली भरून घेणारा सायकलस्वार वेळ वाया घालवत नसतो.

खाण्याच्या बाबतीत जयपूर हे मोहाचे शहर आहे. सकाळी कढईतून निघालेली प्याज कचोरी पाहून पॅडल थांबले नाही तरच नवल. परंतु तळलेले पदार्थ जठरात अधिक वेळ रेंगाळतात आणि पायांना हवी असलेली साखर लवकर मिळत नाही. कचोरीचा आनंद प्रवास संपल्यावर घ्यावा. प्रवासात तिळगुळाची गजक, खजूर, केळी, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याची चिक्की, गूळ लावलेली पोळी हे पदार्थ अधिक उपकारक ठरतात. एका मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम कर्बोदके असतात, तर गुळाच्या ३० ग्रॅमच्या खड्यातही जवळपास तेवढीच. दीर्घ श्रमात तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके घ्यावीत असे क्रीडावैद्यक सांगते. म्हणजे तासाला एक केळे आणि एक गुळाचा खडा एवढ्याने काम भागते. त्यासाठी महागड्या परदेशी पाकिटांची गरज नाही. 'आधी पोटोबा, मग विठोबा' ही म्हण सायकलस्वारांनी तर हँडलवरच लिहून ठेवावी.

खाण्याचे वेळापत्रक मात्र घड्याळाने ठरवावे, भुकेने नव्हे. निघण्यापूर्वी दोन-अडीच तास आधी पोहे किंवा पोळी-भाजीसारखा सवयीचा आहार घ्यावा. एवढ्या पहाटे उठणे शक्य नसेल, तर निदान एखादे केळे तरी खाऊन निघावे. पहिल्या अर्ध्या-पाऊण तासातच काहीतरी तोंडात टाकावे आणि पुढे दर वीस-पंचवीस मिनिटांनी थोडे-थोडे घेत राहावे. पूर्वी कधी न खाल्लेला पदार्थ मोठ्या प्रवासाच्या दिवशी प्रथमच चाखून पाहू नये.

निर्णय घेणाराच थकतो तेव्हा

आतापर्यंतचे विवेचन वेग आणि अंतर यांचे होते. खरा धोका त्याहून गंभीर आहे. रक्तातील साखर उतरू लागली की सर्वांत आधी झळ पोहोचते ती विवेकाला. माणूस चिडचिडा किंवा अबोल होतो. साधी बेरीज जमत नाही. थांबावे की जावे, हे ठरवणे अवघड होते. तोंडात घास घालण्याचाही कंटाळा येतो. ही अवस्था घराच्या अंगणात आली तर हसण्यावारी नेता येईल. परंतु डावीकडे खडीचा कच्चा पट्टा आणि उजवीकडे एकापाठोपाठ जाणाऱ्या मालमोटारी अशा महामार्गावर, सूर्य मावळतीला गेलेला असताना ती आली, तर हातभर तोल जाणेही जीवावर बेतू शकते.

म्हणूनच अनुभवी सायकलस्वार काही निर्णय डोके शांत असताना, म्हणजे निघण्यापूर्वीच घेऊन ठेवतात. वेग कारणाविना निम्म्यावर आला, हात थरथरले, थंड घाम आला किंवा दगडावरील अंतर दोनदा वाचावे लागले की विचार न करता थांबायचे. रस्त्यापासून दूर, सुरक्षित जागी बसायचे. साखर-पाणी, ओआरएस किंवा गोड सरबत घ्यायचे आणि पंधरा-वीस मिनिटे उठायचे नाही. रक्तातील साखर तेवढ्यात सावरते आणि डोके ताळ्यावर येते. स्नायूंतील रिकामा साठा मात्र भरून यायला पुरेसे खाणे घेऊनही एक दिवस लागतो, म्हणून उरलेले अंतर मंद गतीनेच कापावे लागते. सोबती असंबद्ध बोलू लागला तर तो 'ठीक आहे' म्हणतो यावर विसंबू नये. तो बेशुद्ध झाल्यास त्याच्या तोंडात काहीही घालू नये आणि १०८ किंवा ११२ क्रमांकावर तातडीने मदत मागवावी.

मधुमेहींनी, विशेषतः इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, या बाबतीत दुप्पट सावध राहायला हवे. त्यांच्यासाठी रक्तातील साखर ७० मिलीग्रॅमच्या खाली जाणे ही धोक्याची घंटा होय. दोन तासांच्या सायकल फेरीलाही त्यांनी डॉक्टरांचा सल्ला, खिशात साखर आणि सोबतीला माहितगार माणूस घेतल्याशिवाय निघू नये.

ज्यांना थांबण्याची मुभा नव्हती

छंद म्हणून सायकल चालवणाऱ्याला गळून गेल्यावर थांबता येते. घरी दूरध्वनी करून गाडी बोलावता येते. सर्वांनाच ही सवलत नसते. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि त्यानंतर हजारो श्रमिक जुन्या सायकली मिळवून शेकडो किलोमीटर दूरच्या गावांकडे निघाले. गुरुग्रामहून बिहारमधील दरभंग्यापर्यंत, जखमी वडिलांना मागे बसवून, सुमारे १,२०० किलोमीटर अंतर कापणारी पंधरा वर्षांची मुलगी त्या वेळी साऱ्या देशाने पाहिली. या प्रवाशांपाशी ना नियोजित आहार होता, ना वेळापत्रक. वाटेवरच्या अनोळखी माणसांनी पुढे केलेल्या भाकरी आणि पाण्यावर त्यांतील कित्येकांचा प्रवास पार पडला.

आजही जयपूरच्या कोणत्याही मोठ्या रस्त्यावर सकाळी सातच्या सुमारास हँडलला डबा अडकवून कामावर निघालेले सायकलस्वार दिसतात. त्यांच्या सायकलला गिअर नसतात आणि मनगटावर कॅलरी मोजणारे घड्याळही नसते. दिवसभराच्या श्रमानंतर त्यांना पुन्हा तेवढेच अंतर कापून घरी जायचे असते. दोनशे किलोमीटरच्या प्रवासाला निघालेल्या हौशी सायकलस्वाराने पिशवीत दोन केळी जास्तीची ठेवावीत, असे अनुभवी मंडळी सांगतात. एखादे वाटेत सोबत्याच्या कामी येते, आणि कधी रस्त्याच्या कडेला सायकल उभी करून दम खात बसलेल्या अनोळखी माणसाच्याही.